बाबासाहेबांच्या आठवणी इंग्रजीत कोणत्या नावाने सांगाव्यात?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले संपूर्ण आत्मचरित्र लिहून प्रसिद्ध केले नाही. त्यांच्या मागे राहिले ते स्वहस्ते लिहिलेल्या आठवणींचे एक छोटेसे इंग्रजी हस्तलिखित. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या संग्रहात ते मिळाले आणि सोसायटीने १९ मार्च १९९० रोजी ते पुस्तिकेच्या रूपात छापले. नाव होते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. पुढे महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने काढलेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस' या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात, वसंत मून यांच्या संपादनाखाली, १९९३ साली हाच मजकूर ६६१ ते ६९१ या पानांवर याच नावाने आला. (१९ मार्च ही तारीख रायगडकरांना वेगळी सांगायला नको. १९२७ साली महाडची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद सुरू झाली तो हाच दिवस.)

तीस पानांचा मजकूर. तरीही त्याचे इंग्रजी नाव लिहायची वेळ आली की गोंधळ होतो. कुणी 'ऑटोबायोग्राफी ऑफ डॉ. आंबेडकर' लिहितो, कुणी 'ऑटोबायोग्राफिकल नोट्स', कुणी 'वेटिंग फॉर व्हिसा', तर कुणी मराठी अनुवादाच्या नावाचे पुन्हा इंग्रजी करून भलतेच नाव तयार करतो. बोर्ली पंचतन आणि आसपासच्या गावांतली आपली मुले आता म्हसळा, श्रीवर्धन, माणगाव, महाडच्या महाविद्यालयांत आणि मुंबईत शिकतात. त्यांना प्रकल्पात, शोधनिबंधात, शिष्यवृत्तीच्या अर्जात पुस्तकांची नावे इंग्रजीतून द्यावी लागतात. विहारातल्या कपाटाची यादी करायची तरी दोन भाषांत नाव लागते. गाव कमिटी एक नाव लिहिते, मुंबई कमिटी दुसरे छापते, आणि वाचणाऱ्याला वाटते ही दोन पुस्तके आहेत. म्हणून ही नोंद सविस्तर देत आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो: नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हेच लिहावे. त्याची कारणे केवळ ग्रंथालयाच्या शिस्तीची नाहीत.

नावाचा प्रवास

१९९० ची पुस्तिका आणि १९९३ चा खंड यांच्यात नावाचा फरक नाही. फरक पडला तो नंतर. २००३ साली नवयान प्रकाशनाने हा मजकूर स्वतंत्र छोट्या पुस्तकाच्या रूपात काढला, त्याचे नाव 'आंबेडकर : ऑटोबायोग्राफिकल नोट्स'. नवयानच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. ज्या काळात शासनाचे जाडजूड खंड सहज मिळत नसत, त्या काळात खिशात मावेल असे हे पुस्तक अनेक इंग्रजी वाचकांच्या हाती पहिल्यांदा पडले. त्यामुळे त्या पिढीतल्या लेखांमध्ये, पुस्तकांच्या मागच्या याद्यांमध्ये हे नाव दिसते. ते खोटे नाव नाही, त्या आवृत्तीचे ते खरे नाव आहे. पण ते आवृत्तीचे नाव आहे, मजकुराचे नव्हे. हा भेद लक्षात ठेवला की निम्मा गोंधळ संपतो.

दरम्यान न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक फ्रान्सेस प्रिचेट यांनी बाराव्या खंडातला मजकूर परिच्छेदांना क्रमांक देऊन इंटरनेटवर ठेवला, तोही 'वेटिंग फॉर अ व्हिसा' याच नावाने. बाबासाहेब जिथे शिकले त्या विद्यापीठात हा मजकूर विद्यार्थ्यांना वाचायला दिला जातो. आज जगभर कुणी मोबाइलवर हे वाचत असेल तर बहुतेक वेळा ते याच प्रतीतून. शोधताना आपण दुसरे नाव टाकले तर ही प्रत आपल्याला सापडत नाही, आणि आपण लिहिलेलेही इतरांना सापडत नाही.

२०११ साली आणखी एक वळण आले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चितारलेले 'भीमायन' हे चित्रपुस्तक नवयानने काढले. कथन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. त्याचा मोठा आधार याच आठवणी आहेत. भारतातल्या आवृत्तीचे उपशीर्षक 'एक्स्पीरियन्सेस ऑफ अनटचेबिलिटी'. परदेशात लंडनच्या टेट प्रकाशनाने ते काढले तेव्हा उपशीर्षक झाले 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ भीमराव रामजी आंबेडकर'. इंग्रजी वाचणाऱ्याला हे ऐकताच १८६१ चे हॅरिएट जेकब्ज यांचे पुस्तक आठवते. गुलामगिरीतून सुटलेल्या त्या काळ्या स्त्रीच्या आत्मकथनाचे नाव 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' असे आहे. नाव बदलताना प्रकाशकाने परदेशी वाचकाला ओळखीची खूण दिली. ते चांगले की वाईट हा वेगळा प्रश्न. आपल्या कामापुरते एवढेच की 'भीमायन' हे वेगळे पुस्तक आहे. बाबासाहेबांच्या आठवणींचे ते इंग्रजी नाव नाही, आणि त्यातल्या चौकटीतले वाक्य बाबासाहेबांचे म्हणून फलकावर छापू नये.

एकाच पुस्तकाला दोन नावे असणे काही नवलाचे नाही. पंडित नेहरूंचे आत्मचरित्र १९३६ साली लंडनमध्ये 'अ‍ॅन ऑटोबायोग्राफी' म्हणून निघाले आणि १९४१ साली अमेरिकेत 'टुवर्ड फ्रीडम' म्हणून. शरद पवार यांच्या आठवणी २०१५ साली मराठीत 'लोक माझे सांगाती' आणि इंग्रजीत 'ऑन माय टर्म्स' या नावांनी आल्या. एका नावात लोक सोबतीला आहेत, दुसऱ्यात स्वतःच्या अटी आहेत. राजकारण्याच्या दोन वाचकवर्गांना दोन चेहरे. पण पवारांच्या किंवा नेहरूंच्या बाबतीत लेखक हयात असताना, त्यांच्या डोळ्यांसमोर ही नावे ठरली. बाबासाहेबांच्या आठवणी त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तेहतीस वर्षांनी छापल्या गेल्या. दुसरे नाव चालेल का, असे विचारायला लेखक समोर नाही. अशा वेळी पहिल्यांदा छापलेले, पुढे शासनाच्या संपादित खंडाने कायम ठेवलेले नाव सोडून देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

सहा प्रसंग, आणि त्यांना कोणते नाव बसते

आता मजकुराकडे. सुरुवातीला बाबासाहेब सांगतात की परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे एवढे ठाऊक असते, पण ती रोजच्या जगण्यात कशी चालते हे त्याला दुरून कळत नाही. ते समजावण्याचे दोन मार्ग आहेत: सर्वसाधारण वर्णन करणे, किंवा घडलेले प्रसंग सांगणे. ते दुसरा मार्ग निवडतात. काही प्रसंग स्वतःचे, काही इतरांचे, हेही ते आधीच सांगतात. म्हणजे हे लेखन कुणासाठी आणि कशासाठी, याचा खुलासा पहिल्याच पानावर आहे.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. आपले घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातले, असे ते इथे लिहितात. आपल्या भागातल्या वाचकाने थांबून पाहावे असे हे वाक्य आहे, कारण आंबडवे आज मंडणगड तालुक्यात आहे. बागमांडल्याहून बाणकोटची खाडी ओलांडली की मंडणगड तालुका लागतो. इतके ते जवळ. तालुक्याच्या हद्दी बदलल्या, जिल्ह्याचे नावही १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले. पण बाबासाहेबांचा मजकूर उद्धृत करताना आपण त्यात 'मंडणगड' घालत नाही, की महाडच्या परिषदेला 'रायगड जिल्हा बहिष्कृत परिषद' म्हणत नाही. पुस्तकाच्या नावालाही हाच न्याय लागू आहे.

तर त्या प्रसंगात वडील कोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीत आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना भेटायला लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि मोठ्या बहिणीची दोन मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरतात. नवे कपडे, हौस, पहिलाच प्रवास. स्टेशनमास्तर मुलांशी प्रेमाने बोलतो, आणि ती महाराची आहेत हे कळताच आपल्या खोलीत निघून जातो. भाड्याची बैलगाडी कुणी देत नाही. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालत येणार, असे ठरते. सोबत जेवण भरपूर, पण रात्रभर प्यायला पाणी नाही.

दुसरा प्रसंग बडोद्याचा. परदेशात शिकून आलेला, संस्थानाच्या नोकरीत रुजू झालेला उच्चपदस्थ तरुण पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहतो. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहतात. खोली सोडावी लागते. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघेही घरात घ्यायला कचरतात. कामाठी बागेत वेळ काढून तो रात्रीच्या गाडीने मुंबईला परततो. तिसरा चाळीसगावचा, १९२९ चा. मुंबई सरकारच्या समितीचा सदस्य असलेल्या बाबासाहेबांना टांगेवाला नेत नाही. स्टेशनवरून महारवाड्यात नेण्यासाठी वस्तीतल्याच एका नवख्या माणसाला टांगा हाकायला बसवले जाते, मोरीवर टांगा उलटतो आणि बाबासाहेबांचा पाय मोडतो. चौथा १९३४ चा, दौलताबादच्या किल्ल्यावरचा. सहकाऱ्यांसह वेरूळच्या वाटेवर असताना हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून मुसलमान जमाव अंगावर येतो.

पाचवा आणि सहावा प्रसंग मात्र बाबासाहेबांचे नाहीत. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडते आणि डॉक्टर तिला हात लावून तपासत नाही. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त आले होते. आणि शेवटचा प्रसंग खेडा जिल्ह्यातल्या बोरसदचा. भंगी समाजातला एक तरुण तलाठ्याच्या नोकरीवर जातो आणि त्याला जिवाच्या भीतीने नोकरी सोडून यावे लागते. ६ मार्च १९३८ रोजी मुंबईत दादरच्या कासारवाडीत, इंदुलाल याज्ञिक यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या भंगी समाजाच्या सभेत त्याने हे सांगितले.

आता 'ऑटोबायोग्राफिकल नोट्स' हे नाव या सहा प्रसंगांवर ठेवून पाहा. सहापैकी दोन बाहेर राहतात. नेमके ते दोन, ज्यांत बाबासाहेब स्वतःहून वळून दुसऱ्याकडे बोट दाखवतात: माझी पदवी आणि माझे नाव असताना माझे हे झाले, तर खेड्यातल्या शिक्षकाचे आणि भंग्याच्या पोराचे काय होत असेल ते बघा. 'आत्मकथा' म्हटले की वाचक बाबासाहेबांच्या जीवनातले टप्पे शोधू लागतो आणि शेवटची पाने पुरवणी असल्यासारखी चाळून सोडतो. आम्ही तर म्हणू की आत्मकथा या नावाने वाचल्यामुळेच त्या काठेवाडच्या बाळंतिणीची गोष्ट आपल्याकडच्या भाषणांत जवळपास कधीच येत नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाखाली मात्र सहाही प्रसंग मावतात. बैलगाडी, धर्मशाळा, टांगा, हौद, दवाखाना, कचेरी: प्रत्येक ठिकाणी कुणीतरी दारात उभा आहे आणि आत येण्याची परवानगी दुसऱ्याच्या हातात आहे. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, सगळ्यांची दारे यात येतात.

लेखनकाळाबद्दलही एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण नावाशेजारी वर्ष लिहायचे असते. अनेक ठिकाणी १९३५-३६ असे छापलेले दिसते. बडोद्याच्या प्रसंगाला अठरा वर्षे झाली, असे बाबासाहेब मजकुरात म्हणतात, त्यावरून हा हिशेब निघतो. पण शेवटच्या प्रसंगात मार्च १९३८ मधल्या सभेचा उल्लेख आहे. म्हणजे सगळा मजकूर १९३५-३६ मध्ये पुरा झाला असे म्हणता येत नाही. यादीत लेखनवर्ष न लिहिता छपाईचे वर्ष लिहावे: पुस्तिका १९९०, खंड १९९३.

'व्हिसा' हा शब्द आपल्या किनाऱ्यावर

श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यांत 'व्हिसा' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथल्या घराघरांतली माणसे आखातात कामाला गेलेली आहेत, मुसलमान मोहल्ल्यांतली तर पिढ्यान्‌पिढ्या. "व्हिसा आला का?" हा बोर्लीच्या बाजारात रोज ऐकू येणारा प्रश्न आहे. व्हिसा म्हणजे नोकरी, व्हिसा म्हणजे घरावर स्लॅब. त्यामुळे इथे हे नाव ऐकणाऱ्याचा पहिला समज होतो की हे बाबासाहेबांच्या परदेशवारीचे पुस्तक असावे. लंडन, न्यूयॉर्क, बोटीचा प्रवास वगैरे. पान उघडले की मसूरचे स्टेशन.

हा धक्काच या नावाचे काम आहे. परक्या देशात शिरायला परवानगी लागते हे सगळ्यांना मान्य आहे. कुवेतच्या विमानतळावर कागद दाखवायला कुणाला अपमान वाटत नाही. पण आपल्याच देशात, स्वतःच्या बापाला भेटायला निघालेल्या नऊ वर्षांच्या मुलाला कसली परवानगी हवी होती? हे पुस्तक परदेशी वाचकाला समोर ठेवून लिहिलेले आहे, आणि परदेशी माणसाला सगळ्यात ओळखीचा सरकारी कागद म्हणजे व्हिसा. आखातात बारा वर्षे काढलेल्या बोर्लीच्या गड्याला हे नाव जितके चटकन लागेल तितके पुण्यामुंबईच्या प्राध्यापकालाही लागणार नाही, असे आम्हाला वाटते. म्हणून मराठीत सांगतानाही 'व्हिसा' हा शब्द काढून 'परवाना', 'प्रवेशपत्र' किंवा 'अनुमती' घालू नये. 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' म्हणा, 'व्हिसाची वाट पाहताना' म्हणा. क्रियापद कसेही फिरवा, व्हिसा राहू द्या. 'परवाना' म्हटले की दारूचा नाहीतर बंदुकीचा आठवतो.

इंग्रजी शब्दाच्या निवडीत बाबासाहेब किती काटेकोर होते याचे एक उदाहरण आपल्या धम्मग्रंथाचेच आहे. १९५१ मध्ये त्या ग्रंथाच्या काही प्रती खासगी वितरणासाठी छापल्या तेव्हा नाव होते 'द बुद्ध अँड हिज गॉस्पेल'. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ग्रंथ बाहेर आला तो 'द बुद्ध अँड हिज धम्म' या नावाने. 'गॉस्पेल' हा ख्रिस्ती शुभवर्तमानाचा शब्द. तो गेला आणि पाली शब्द तसाच इंग्रजी मुखपृष्ठावर बसला. आज कुणी त्या ग्रंथाचा उल्लेख 'गॉस्पेल' म्हणून केला तर आपण लगेच दुरुस्त करतो. आठवणींच्या बाबतीत मात्र आपण 'ऑटोबायोग्राफी' निमूटपणे चालवून घेतो.

रायगडचे दुसरे पुस्तक

आपल्या जिल्ह्यातल्या एका नेत्याच्या आठवणींचा प्रश्न याहून अवघड आहे. कॉ. रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे आर. बी. मोरे, महाड तालुक्यातल्या लाडवलीत १९०३ साली जन्मले आणि १९७२ साली वारले. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवण्यासाठी झगडलेला हा मुलगा पुढे १९२७ च्या महाड परिषदेच्या प्रमुख संघटकांपैकी एक झाला. १९३० साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले, पण आंबेडकरी चळवळीशी त्यांनी नाते तोडले नाही. जातीचा प्रश्न पक्षाने गांभीर्याने घ्यावा म्हणून ते पक्षनेतृत्वाकडे लेखी मागणी करत राहिले.

त्यांच्या आठवणी अपुऱ्या राहिल्या. मुलगा सत्येंद्र मोरे यांनी त्या आठवणी आणि त्यापुढचे स्वतः लिहिलेले चरित्र एकत्र करून मराठी पुस्तक २००३ साली काढले. त्याच्या नावातले मुख्य शब्द 'दलित व कम्युनिस्ट चळवळीचा सशक्त दुवा' असे आहेत. वंदना सोनाळकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद, अनुपमा राव यांच्या संपादनासह, लेफ्टवर्डने काढला. त्याचे नाव 'मेमॉयर्स ऑफ अ दलित कम्युनिस्ट : द मेनी वर्ल्ड्स ऑफ आर. बी. मोरे'.

दोन नावे शेजारी ठेवली की फरक उघड दिसतो. मराठी नावात दोन चळवळी आहेत आणि मोरे त्यांना जोडणारा दुवा आहेत. इंग्रजी नावात दुवा गेला, दोन चळवळींचे मिळून एक विशेषण झाले आणि ते एका माणसाला लागले. शिवाय 'मेमॉयर्स' हा शब्द पुस्तकाच्या अर्ध्याच भागाला लागू पडतो, कारण पुढचा भाग मुलाने लिहिलेला आहे. आम्हाला मराठी नाव अधिक खरे वाटते. पण इंग्रजी प्रतीतून उतारा घेणाऱ्याने इंग्रजी प्रतीचेच नाव लिहायचे, आणि मराठी प्रत वापरणाऱ्याने मराठी. 'स्ट्राँग लिंक' असे काहीतरी आपल्या मनाने तयार केलेले नाव जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात सापडणार नाही.

इथे आपल्या तरुणांची एक हरकत हमखास येते: मुखपृष्ठावर 'दलित' कशाला? आपण बौद्ध आहोत. हरकतीत तथ्य आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोरच्या प्रकरणानंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना 'दलित' ऐवजी घटनेतला शब्द वापरण्याची सूचनाही केली होती, आणि त्यावर आपल्याच समाजात दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले गेले. पण पुस्तकाचे नाव ही नोंद आहे, आपली घोषणा नाही. हरकत लेखात मांडावी, व्यासपीठावर मांडावी. नाव खोडून दुसरे लिहू नये.

इंग्रजीत गेल्यावर नाव बदलले असे आपल्या साहित्यात मोरे यांच्या एकट्याच्या बाबतीत घडलेले नाही. बाराव्या खंडाचे संपादक वसंत मून यांचे स्वतःचे 'वस्ती' गेल ऑमव्हेट यांनी अनुवादले आणि २००१ साली अमेरिकेत 'ग्रोइंग अप अनटचेबल इन इंडिया' म्हणून निघाले. नागपूरच्या वस्तीतल्या माणसांची, त्यांच्या एकजुटीची गोष्ट, आणि नावातून वस्तीच गेली. आपल्या कोकणातल्या उर्मिला पवार यांचे 'आयदान' इंग्रजीत 'द वीव्ह ऑफ माय लाइफ' झाले. बांबूच्या कामाचा धागा निदान शिल्लक राहिला. दया पवारांचे 'बलुतं' मात्र जेरी पिंटो यांनी २०१५ साली 'बलुतं' म्हणूनच इंग्रजीत नेले, आणि इंग्रजी वाचकाने तो शब्द शिकून घेतला. आमची पसंती उघडच या शेवटच्या पद्धतीला आहे, पण छापून झालेल्या मुखपृष्ठावर ती लादता येत नाही.

लिहिताना

इंग्रजी निबंधात किंवा अर्जात बाबासाहेबांच्या आठवणींचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे, मधला 'अ' न गाळता, तिरप्या अक्षरांत किंवा अवतरणात द्यावे. पुढे बाराव्या खंडाचा क्रमांक, संपादक वसंत मून, १९९३ आणि पाने. नवयानची २००३ ची प्रत हातात असेल तर त्या प्रतीचे नाव लिहून 'मूळ शीर्षक वेटिंग फॉर अ व्हिसा' अशी जोड द्यावी. इंटरनेटवरची प्रत वाचली असेल तर पानाऐवजी परिच्छेदाचा क्रमांक चालतो, तो त्यासाठीच दिलेला आहे. 'ऑटोबायोग्राफी' हा शब्द नाव म्हणून नको. वर्णन म्हणून 'आत्मकथनपर आठवणी' म्हणायला हरकत नाही. बाराव्या खंडातली संपादकीय टीपही तशाच अर्थाचे वर्णन करते.

१४ एप्रिल, २० मार्च, ६ डिसेंबरच्या फलकांवर जागा कमी असते म्हणून नाव तोडले जाते. तोडायचेच असेल तर खंडाचा तपशील तोडा. मराठी फलकावर आधी देवनागरीत इंग्रजी नाव आणि खाली लहान अक्षरांत मराठी अर्थ, असा क्रम ठेवला की दोन पुस्तके असल्याचा भास होत नाही.

विहाराच्या यादीत मोरे यांच्या पुस्तकाची मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवावी, नोंदी मात्र दोन कराव्यात, प्रत्येकीत दुसरीचा उल्लेख. लेखकाच्या रकान्यात आर. बी. मोरे आणि सत्येंद्र मोरे अशी दोन्ही नावे हवीत. उतारा घेताना तो बापाच्या आठवणीतला आहे की मुलाने लिहिलेल्या भागातला, हे पाहूनच 'मोरे म्हणतात' लिहावे. आणि 'भीमायन' बाबासाहेबांच्या नावाखाली न लावता चित्रकार आणि कथनकारांच्या नावाखाली लावावे; मुले ते सगळ्यात आधी उचलतात, तेव्हा खालच्या फळीवर ठेवले तर बरे.